पैऱ्याचं इंजिन

आमच्या आक्कानं आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून राग केला. एक, गाडीच्या खिडकीतून पिचकारी मारणाऱ्यांचा आणि दुसरा, म्हसोबाच्या वळणाचा. पिचकारीवाल्यांचा बंदोबस्त ती जागच्या जागी करायची. वळणाचं मात्र तिला काही करता आलं नव्हतं.

रहिमतपूर आणि वडूज यांच्या मधल्या डोंगरात एक जुना घाट आहे. नवा रस्ता झाल्यापासून तिथं मेंढरं, मोटारसायकली आणि वाट चुकलेले पाहुणे एवढेच जातात. पण त्याआधी सगळी ये-जा त्याच घाटानं व्हायची आणि आक्का तिथं वडाप चालवायची. जीपमध्ये मावतील तेवढी आणि न मावणारीही माणसं भरून बाजाराला न्यायची, परत आणायची, याला आमच्याकडं वडाप म्हणतात. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, तेव्हा फौजेत होते, गाड्यांच्या दुरुस्तीत. घरी कोरडवाहू रान आणि दारात एक जुनी जीप. ठेवलेला ड्रायव्हर महिनाभर टिकेना, तेव्हा एक दिवस पदर खोचून आक्काच स्टेअरिंगवर बसली. बाई वडाप चालवते म्हणून लोक आधी हसले. मग हीच जीप वेळेवर येते हे कळल्यावर तिच्यासाठी थांबून राहू लागले.

म्हसोबाचं वळण घाटाच्या मधोमध आहे. रस्ता तिथं जवळजवळ उलटा फिरतो आणि लगेच एक लांब, सरळ, उभी चढण लागते. भरलेली जीप तिथं हमखास धापा टाकायची. पहिला गिअर टाकला तरी पुढं सरकायची नाही. त्यामुळं तिथं एक रीतच पडून गेली होती. वळण आलं की कुणी न सांगता पॅसेंजर खाली उतरायचे, म्हसोबाला हात जोडायचे, चढण चालत चढायचे आणि वर पिंपळाखाली पुन्हा गाडीत बसायचे. घाट उतरतानाही तेच. चढताना इंजिनाची कीव म्हणून आणि उतरताना ब्रेकवर भरवसा नाही म्हणून. म्हाताऱ्या उतरायच्या, लेकुरवाळ्या उतरायच्या, पाटीतल्या कोंबड्यासुद्धा उतरायच्या. एकटी आक्का आत. ती रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये ओरडत वर न्यायची. घरी आल्यावर म्हणायची, "माझ्या गाडीतनं मानसं उतरत्यात." तिच्या पंक्तीतून कुणी अर्धपोटी उठून गेल्यासारखा तिचा आवाज व्हायचा.

पुढं जीप भंगारात गेली. दाजी रिटायर होऊन आले, त्यांनी वडूजला गॅरेज टाकलं आणि आक्कासाठी एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली. मी तिचा धाकटा भाऊ. सांगलीत माझं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं; दाजींचं गाव कुसळाचं. त्यामुळं दाजी मला पाण्यातला माणूस म्हणतात आणि मी त्यांना काहीच म्हणत नाही, कारण ते दाजी आहेत. पण इंजिनाचा विषय निघाला की आमची जुंपते. त्यात नातं आड येऊ द्यायचं नाही, हे आम्ही दोघांनीही न बोलता ठरवून टाकलंय.

मागच्या उन्हाळ्यात आक्काला मी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं बरंच गेलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की थेंबांनी पुढचं नुकसान लांबेल, पण गेलेलं परत यायचं नाही. गाडी चालवणं वर्षअखेर बंद करा म्हणाले. तोवर दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर आणि शेजारी कुणीतरी हवं. आक्कानं मेथीची पेंडी केवढ्याला असं विचारल्यासारखं दोन-चार प्रश्न विचारले आणि उठली.

परतताना ती माझ्या वर्कशॉपमध्ये थांबली. चहा घेतला. मग म्हणाली, "मला त्या वळणानं एकदा पयला गेर न टाकता वर जायाचं हाय. भरल्या गाडीनं. एक मानूस खाली न उतरवता. मग चावी तुमची."

मोटारींचा नाद असलेल्या लोकांचं एक मंडळ दिवाळीनंतर त्याच घाटात चढाईची शर्यत भरवणार होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद, समोरून कुणी येणार नाही, शेजारी एक माणूस बसवायची मुभा. पुढच्या तपासणीला आक्कानं डॉक्टरांना हे सगळं सांगून सरळ विचारलं. त्यांनी पुन्हा एकदा डोळे तपासले आणि म्हणाले, एवढी एक वेळ जा. आक्काला नंबर नको होता. तिला वळण हवं होतं, आणि तेही मागं वाळूची पोती बांधून, कारण रिकामी गाडी नेण्यात कसली मर्दुमकी, असं तिचं म्हणणं. शर्यतीत लोक गाडीतली सीटसुद्धा काढून टाकतात. आमची आक्का पॅसेंजर मोजून पोती भरणार होती.

आता त्या छोट्या इंजिनाचं करायचं काय, यावर दाजी आणि मी सुरू झालो. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं, इंजिनाला जास्त हवा कोंबायला हवी. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. हवा कोंबायची कशानं, तिथं फाटलं. दाजींना सुपरचार्जर हवा होता. तो पट्ट्यानं थेट इंजिनाला जोडलेला असतो, त्यामुळं इंजिन हळू फिरत असलं तरी पाय दाबला की त्याच क्षणी ओढतो. वळणातून बाहेर पडताना तेच लागतं. मला टर्बो हवा होता. तो फिरतो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर, म्हणजे फुकटात. पण पुरेसा धूर येईपर्यंत तो झोपलेला असतो, आणि एकदा जागा झाला की थांबत नाही. पुढच्या सरळ चढणीला तेच लागतं. दाजी म्हणाले, तुमचा टर्बो जागा होईस्तवर गाडी म्हसोबाच्या पाया पडत बसेल. मी म्हणालो, तुमचा सुपरचार्जर पिंपळापर्यंत पोचेस्तवर इंजिनाचंच रक्त पिईल. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना.

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "दोनी लावा की. पैरा करा."

पैरा म्हणजे काय हे बैलगाडा शर्यतीचा नाद असलेल्यांना सांगायला नको. जोडीतले दोन्ही चांगले बैल सहसा एका दावणीला नसतात. मग एकानं आपला बैल द्यायचा, दुसऱ्या गावच्यानं आपला, आणि ते दोन एका जुवाखाली पळवायचे. जाणकार माणूस मुद्दाम वेगळ्या गुणाचे बैल निवडतो. एक झेंडा पडताच उसळणारा, दुसरा निकालाच्या रेघेपर्यंत दम न सोडणारा. भोंग्यावर दोन्ही मालकांची नावं घेतली जातात, मान निम्मा निम्मा. दाजींच्या दावणीला असा एक उसळणारा बैल आहे. त्यामुळं आक्काचं बोलणं त्यांच्या काळजातच शिरलं. त्यांनी तोंड फिरवून मला विचारलं, "काय पाव्हणं, घालताय का तुमचा बैल?"

तेव्हापासून ती यंत्रं यंत्रं राहिली नाहीत. दाजींनी भंगारात निघालेल्या एका परदेशी गाडीचा सुपरचार्जर शोधून आणला आणि तीन दिवस स्वतःच्या हातानं पुसला. मी डिझेल पिकअपचा एक छोटा टर्बो आणला, त्याचं बेअरिंग बदललं, बसवायचे भाग लेथवर कातून घेतले. आधी हवा टर्बोतून, तिथून सुपरचार्जरमध्ये, मग इंजिनात, अशी नळी टाकली. कोंबलेल्या हवेनं इंजिन फुटू नये म्हणून त्याच्या डोक्याखाली जाड गॅस्केट घालून आतला दाब कमी केला, हवा थंड करायला पुढं एक जाळी बसवली. दाजी सुपरचार्जरला 'माझा' म्हणायचे, मी टर्बोला 'माझा'. काम इतकं सुबक झालं की आम्ही बॉनेट उघडं ठेवून समोर बसून चहा प्यायचो.

पहिल्या सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाडी नेली. दोन्ही टोकांना माणसं उभी केली. आक्का स्टेअरिंगवर, शेजारी मी. वळणातून गाडी अशी निघाली की माझी पाठ सीटला चिकटली. दुसऱ्या गिअरमध्ये, पोत्यांसकट. मी दाजींना मनातल्या मनात मुजरा केला. आणि मग सरळ चढण लागली तशी गाडी कोंडल्यासारखी झाली. आवाज मोठा, जोर नाही. पिंपळाच्या बऱ्याच अलीकडं आक्काला पहिला टाकावा लागला. तिचं तोंड बघवेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पट्टा जळाल्याचा वास आला.

आठवडाभर आम्ही काय काय बदललं. पट्टा रुंद केला, नळ्या जाड केल्या, पेट्रोल वाढवलं. दोघंही हुशार, पण मूळ दुखण्याला हात घालायला कुणी तयार नव्हतं. सरळ चढणीवर टर्बो भरभरून हवा देत होता आणि मध्ये छोटा सुपरचार्जर उभा होता. त्याच्यातून एवढी हवा मावत नव्हती, वर तो पट्ट्यानं इंजिनाचा जोरही खात होता. वळण संपलं की त्याचं काम संपलेलं असायचं. त्याला तिथंच सोडायला हवं होतं. पण पैऱ्यात बैल घातलेल्या मालकाला हे सांगायचं कुणी? आणि त्याला तरी ते सुचावं कसं? धावेच्या मध्यात बैल सोडतात, हे आमच्या मुलखात कुणी स्वप्नातही बघितलेलं नाही. मला थोडा अंदाज आला होता, पण ते बोललो असतो तर माझा टर्बो वरचढ ठरवायला बोलतोय असंच झालं असतं.

बोलली आक्काच. म्हसोबाच्या कट्ट्यावर बसून, चप्पल काढून, सहज बोलावं तसं. म्हणाली, गाडी चालवताना तिला पायाखाली कळतंय, वळणाला एक जण ओढतो आणि वर गेलं की तोच दुसऱ्याच्या वाटेत उभा राहतो. दाजींनी बॉनेट बंद केलं. मग एवढंच म्हणाले, "पैऱ्यातला बैल मधीच कोन सोडतं?"

"आवं, दम हाय तवर ओढला की त्यानं," आक्का म्हणाली. "आता सोडला म्हंजी हाकलून दिला न्हवं. दुसऱ्याला वाट दिली."

दाजी उठले आणि रस्त्यानं चालत निघून गेले. गाडी आम्ही दोघं घेऊन आलो. मला वाटलं, संपलं सगळं. चालवत मी होतो. आक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तेव्हा मला जाणवलं की वाट देण्याचं ती नुसतं यंत्राबद्दल बोलली नव्हती. वर्षअखेर जवळ आली होती.

दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. गाडीतला एसी काढून टाकू म्हणाले. एसीच्या कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच असतो, बटण दाबलं की पट्टा फिरत राहतो आणि कॉम्प्रेसर सुटा होतो. तो क्लच सुपरचार्जरला बसेल असा मी लेथवर करून द्यायचा. शिवाय सुपरचार्जरला वळसा घालणारी एक नळी, तिच्यात झडप, म्हणजे टर्बोची हवा सरळ इंजिनात जाईल. मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार. हे सगळं आपोआप व्हावं अशीही सोय करता आली असती. पण दाजींची एक अट होती. बटण डाव्या सीटपुढं बसवायचं आणि तिथं ते स्वतः बसणार. "माझा बैल मीच सोडनार," म्हणाले.

त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुणावला. पण सरावात एक अडचण निघाली. दाजी बटण उशिरा दाबायचे. मुद्दाम नाही, हात उठायचा नाही त्यांचा. सुपरचार्जर गुरगुरत ओढत असायचा, आणि ऐन रंगात त्याला सोडायचं त्यांच्या जिवावर यायचं. तेवढ्यात गाडीचा जोर पडायचा आणि पिंपळाच्या तोंडाशी पहिला टाकावा लागायचा. आक्का रागावली नाही. दर वेळी गाडी वळवून पुन्हा खाली न्यायची. शेवटच्या सरावालासुद्धा जमलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी सुरुवात उशिरा झाली, कारण रस्त्यात मेंढरं होती. मंडळाची शहरी पोरं शिट्ट्या फुंकत होती आणि मेंढरं आपल्या मनानं चालत होती. मी विस्तव विझवायचं नळकांडं घेऊन म्हसोबाच्या वळणावर उभा होतो, कारण घरगुती इंजिनाचा भरवसा काय धरायचा. एकेक गाडी येत होती. रंगीत, बसक्या, कान बधिर करणाऱ्या. त्यांच्यानंतर आमची गाडी सुटल्याचं खालून भोंग्यावर सांगितलं, आणि भोंग्यावरचा पोरगाही मागची पोती बघून थोडा अडखळला.

आवाज आधी आला. सुपरचार्जरचा, पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसा, सलग. मग गाडी दिसली. आक्कानं मान थोडी डावीकडं वळवून धरली होती, गेलेल्या बाजूचं उरलेल्या नजरेनं भरून काढायला. तिनं वळण उजवीकडून घेतलं, ब्रेक सोडला आणि पाय दाबला. दुसरा गिअर. गाडी माझ्यासमोरून पोत्यांच्या ओझ्यानं मागं बसत वळली आणि सरळ चढणीला लागली.

मी डोळे मिटले. इथं बघण्यासारखं काही नव्हतं, ऐकण्यासारखं होतं. गिरणीचा आवाज चढत गेला. आता सोडा दाजी, असं मी म्हसोबाला म्हणत होतो. आणि तो आवाज तुटला. उशिरा नाही, आधी नाही, अगदी वेळेवर. त्या तुटलेल्या जागेतून टर्बोची बारीक शीळ वर आली. इंजिन क्षणभरही दबलं नाही. माझ्या टर्बोला त्या दिवशी दाजींच्या सुपरचार्जरनं इतकी मोकळी वाट दिली की शीळ वाढत वाढत पिंपळापर्यंत गेली आणि वरच्या वळणाआड नाहीशी झाली. गिअर बदलल्याचा आवाज आला नाही. मला रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हसोबाशिवाय बघायला कुणी नव्हतं.

वेळ लागायचा तेवढा लागला. आमचा नंबर खालून मोजायला सोपा होता. गाड्या परत खाली यायला लागल्या तेव्हा मी कट्ट्यावर बसून होतो. आमची गाडी आली. दाजी चालवत होते, आक्का डावीकडं. ओठ घट्ट मिटून दाजी हळू आणत होते. आक्कानं काहीतरी सांगितलं आणि गाडी माझ्यासमोर थांबली. डावं दार उघडून ती खाली उतरली.

मी विचारलं, काय झालं? गाडी बिघडली का?

"मी आता पॅशिंजर न्हवं का?" ती म्हणाली. "ह्या वळणाला पॅशिंजर उतरत्यात."

पोत्यांचं काय, असं दाजींनी विचारल्यावर ती म्हणाली, पोती बसू द्यात. तिनं म्हसोबाला हात जोडले. दाजींनी गाडी सोडली आणि हळूहळू पुढं गेले. मी तिच्या डाव्या बाजूला गेलो, कारण कडेचे दगड तिला त्या अंगानं दिसत नाहीत. तिनं माझं मनगट धरलं. तिचा तळहात अजून स्टेअरिंगचा होता, गरम आणि ओला. वळण उतरून आम्ही चालत राहिलो. आजवर त्या वळणावर प्रत्येक माणूस उतरला होता, ती सोडून.

बरंच चालल्यावर ती थांबली आणि मागं वळून बघितलं.

"हे वळन पायी एवढं लांब हाय," ती म्हणाली, "मला म्हाईतच नव्हतं."